लो-टेक प्लांटेड टाकी: पहिल्यांदा मांडणाऱ्यांसाठी

हवेतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात आपोआप विरघळतो, पण त्याचं प्रमाण लिटरमागे १ मिलिग्रॅमही भरत नाही. पाणझाडं लावलेल्या माशांच्या टाकीला (‘प्लांटेड’ टाकीला) या गॅसचा सिलिंडर जोडला असेल तर तिच्यात हेच प्रमाण ३० मिलिग्रॅमच्या आसपास ठेवलेलं असतं. सिलिंडर नसलेली साधी टाकी, म्हणजे हौशी लोक जिला ‘लो-टेक’ म्हणतात ती, या तुटपुंज्या कार्बनवर चालते. झाडांना जेवढा कार्बन मिळतो तेवढाच प्रकाश त्यांच्या कामी येतो. उरलेला शेवाळाच्या पथ्यावर पडतो. म्हणून अशा टाकीत प्रकाश बेताचा ठेवायचा, झाडं पहिल्या दिवसापासून भरपूर लावायची आणि मासे सगळ्यात शेवटी सोडायचे. नवख्यांच्या बहुतेक टाक्या बिघडतात त्या याच्या उलट केल्याने: झगझगीत दिवा, चार झाडं आणि पहिल्याच संध्याकाळी वीस मासे.

टाकी आणि जागा

पुढची सगळी मापं ६० × ३० × ३५ सेंटिमीटरच्या टाकीची आहेत. तिचं आकारमान ६३ लिटर. तळाचा थर, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली की प्रत्यक्ष पाणी सुमारे ५० लिटर राहतं. औषध, खत, अमोनिया, सगळ्याचा हिशोब या ५० लिटरवर करायचा. पहिल्या टाकीसाठी याहून लहान घेऊ नका. १० लिटरच्या टाकीत एक गोगलगाय मरून कुजली तरी पाणी बिघडतं. ५० लिटरमध्ये तेवढ्याने काही होत नाही.

भरलेली टाकी ८० किलोच्या पुढे जाते. खालचं टेबल तेवढं वजन कायमचं पेलणारं हवं आणि लेव्हलने तपासलेलं हवं, कारण एक कोपरा २–३ मिलिमीटर खाली असला तरी काचेच्या जोडांवर ताण येतो. टाकीखाली ५ मिलिमीटर जाडीचा फोम घाला. जागेवर ठेवण्याआधी टाकी मोरीत किंवा गॅलरीत काठोकाठ भरून २४ तास तशीच ठेवा आणि जोडांखाली कोरडा कागद ठेवून गळती बघा.

खिडकीतून थेट ऊन येणारी जागा टाळा. उन्हाचा वेळ आणि तीव्रता आपल्या हातात नसते, आणि या टाकीत प्रकाश हातात असणं हीच मुख्य गोष्ट आहे.

सामान

दिवा एलईडीचा, पांढरा, ६,५०० केल्व्हिनच्या आसपासचा, एकूण ८०० ते १,००० ल्युमेनचा पुरतो. जास्त ताकदीचा आधीच घेतला असेल तर तो उंच टांगा किंवा मंद करा. दिव्याला टायमर लावायचाच. हाताने चालू-बंद करणाऱ्याचा दिवा एक दिवस पाच तास, दुसऱ्या दिवशी अकरा तास चालतो, आणि असा अनियमित प्रकाश शेवाळाला मोकळं रान देतो.

फिल्टर म्हणून एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर उत्तम. त्यात बिघडण्यासारखं फार काही नसतं, झिंग्यांची पिल्लं त्यात ओढली जात नाहीत आणि धुणं सोपं. पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवा. ते जमत नसेल तर नळीत चेक व्हॉल्व्ह बसवा, नाहीतर वीज गेल्यावर पाणी उलटं नळीतून पंपात उतरतं. काठावर टांगायचा फिल्टर घेतलात तर ताशी २०० ते २५० लिटरचा पुरे.

पाणी २२ अंशांच्या खाली जात असेल तर ५० वॅटचा हीटर लागेल, एरवी नको. याशिवाय थर्मामीटर, सायफनची नळी, फक्त टाकीसाठी राखलेली एक बादली, लांब चिमटा, कात्री, क्लोरिन घालवणारं द्रावण आणि अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट मोजायचे थेंबवाले टेस्ट किट. टेस्ट किटवर बचत करू नका. अमोनिया आणि नायट्राइट डोळ्यांना दिसत नाहीत; पाणी काचेसारखं स्वच्छ असतं आणि मासे तरीही मरतात.

प्रत्येक वायर सॉकेटपर्यंत जाताना मध्ये सॉकेटच्या खाली झोल घेऊन वर गेली पाहिजे, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोलातून खाली टपकतं, सॉकेटमध्ये शिरत नाही. टाकीत हात घालण्याआधी वीज बंद करायची.

तळाचा थर

इथे दोन वाटा आहेत. पहिली: नुसती धुतलेली २–३ मिलिमीटरची खडी आणि मुळांजवळ खताच्या गोळ्या. दुसरी: खाली माती, वर खडी. पहिली निर्धोक आहे. दुसरीत सुरुवातीला थोडी कटकट असते, पण मातीतले सेंद्रिय पदार्थ कुजताना कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, आणि लो-टेक टाकीत कमतरता नेमकी त्याचीच असते. दोन-तीन महिने लक्ष द्यायची तयारी असेल तर माती निवडा.

साधी बागेची माती घ्या. शेणखत, गांडूळखत, रासायनिक खत किंवा कीटकनाशक मिसळलेली माती चालत नाही. तिच्यातून इतका अमोनिया सुटतो की महिनाभर आकडे खाली येत नाहीत. माती ५ मिलिमीटरच्या चाळणीने चाळा, बादलीत पाणी ओतून ढवळा, दिवसभर ठेवा, वर तरंगणाऱ्या काड्या-सालींसकट पाणी ओतून द्या. असं तीन-चार वेळा केलं की विरघळणारे क्षार बरेच कमी होतात.

मातीचा थर २.५ सेंटिमीटर, त्याहून जाड नको. आपल्या टाकीला सुमारे साडेचार लिटर माती लागते. काचेलगत २ सेंटिमीटरची पट्टी मातीशिवाय सोडली तर समोरून काळा पट्टा दिसत नाही. त्यावर १ ते ३ मिलिमीटरच्या धुतलेल्या खडीचा ३ सेंटिमीटरचा थर, म्हणजे ८ ते ९ किलो खडी. खडीचे दाणे याहून मोठे असतील तर फटींतून माती वर येते. वाळू पिठासारखी बारीक असेल तर खालच्या मातीला ऑक्सिजन मिळत नाही, ती सडते आणि कुजक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. पहिले काही आठवडे तळातून अधूनमधून बुडबुडे येणारच. वास नसेल तर काळजी नको.

दगड निवडताना त्यावर व्हिनेगरचे थेंब टाका. फेस आला तर दगडात चुना आहे आणि तो पाण्याचा कठीणपणा वाढवत राहील. लाकूड आठवडाभर पाण्यात बुडवून ठेवा, नाहीतर ते तरंगतं. नव्या लाकडावर पांढरा बुळबुळीत थर चढतो. तो निरुपद्रवी असतो, दोन-तीन आठवड्यांत जातो.

झाडं: इथे हात आखडू नका

तळाचा निदान ६० टक्के भाग पहिल्याच दिवशी झाडांनी झाकला गेला पाहिजे. ‘आधी थोडी लावू, मग वाढवू’ हा विचार या टाकीत महागात पडतो. नव्या मातीतून सुटणारा अमोनिया पहिल्या दिवसापासून कोणीतरी शोषायला हवा. झाडांनी शोषला नाही तर तो शेवाळाला मिळतो.

कणा भरभर वाढणाऱ्या झाडांचा ठेवा: हायग्रोफिला पॉलिस्पर्मा किंवा वॉटर विस्टेरियाच्या १२ ते १५ काड्या, मागच्या बाजूला व्हॅलिसनेरियाची ८–१० रोपं. मधल्या भागात क्रिप्टोकोरीन वेंटायची ४–५ रोपं. दगड-लाकडावर जावा फर्न आणि अनुबियास, दोन-दोन. पाण्यावर तरंगणारं साल्विनिया किंवा फ्रॉगबिट, पृष्ठभागाचा एक तृतीयांश भाग झाकेल एवढं. तरंगत्या झाडांची पानं हवेत असल्यामुळे त्यांना कार्बनची ददात नसते. ती झपाट्याने वाढतात, पाण्यातला अमोनिया आणि नायट्रेट ओढून घेतात, वर सावलीही देतात. सुरुवातीच्या महिन्यांत यांच्याइतकं उपयोगी दुसरं झाड नाही. हॉर्नवर्टही तसंच कामाचं. त्याला मुळं नसतात, तेव्हा खोचायच्या भानगडीत न पडता सोडून द्यावं.

बुटक्या गवताचा हिरवा गालिचा आणि लालभडक पानांची झाडं पहिल्या टाकीत नकोत. त्यांना जो प्रकाश लागतो तो या टाकीत शेवाळ आणतो.

लावणी

झाडं कुंडीत आली असतील तर मुळांभोवतीचा लोकरीसारखा तंतूंचा गोळा पूर्ण काढा. जुडीला शिशाची पट्टी गुंडाळलेली असेल तर तीही. पिवळी पानं छाटा, मुळं ३ सेंटिमीटरवर कापा.

तळावर ५ ते ८ सेंटिमीटर पाणी भरून लावणी करणं सोपं जातं. पाणी ओतताना तळावर एक बशी ठेवा आणि धार बशीवर धरा, म्हणजे माती उकरली जात नाही. काड्यांची खालची पानं काढून त्या एकेक करून, दोन-दोन सेंटिमीटर अंतरावर, ३–४ सेंटिमीटर खोल चिमट्याने खोचा. जुडीच्या जुडी खोचली तर आतल्या काड्यांना प्रकाश मिळत नाही आणि त्या बुडाशी कुजतात. व्हॅलिसनेरियाची मुळं गाडायची, पण पानं जिथून फुटतात तो पांढरा भाग खडीच्या वर राहू द्यायचा. क्रिप्टोकोरीनचंही तसंच.

जावा फर्न आणि अनुबियास यांचं आडवं जाड खोड कधीही गाडायचं नाही. गाडलं की ते कुजतं आणि झाड पानापानाने सुटत जातं. दोऱ्याने दगडाला बांधा किंवा जेल स्वरूपातल्या सायनोअॅक्रिलेट गोंदाचा (सुपरग्लूचा) थेंब लावून अर्धा मिनिट दाबून धरा. हा गोंद ओल्या पृष्ठभागावरही चिकटतो आणि सुकल्यावर माशांना अपाय करत नाही.

मग टाकी सावकाश पूर्ण भरा, क्लोरिन घालवणारं द्रावण बाटलीवरच्या प्रमाणात टाका आणि फिल्टर सुरू करा. नुसतं क्लोरिन असलेलं पाणी २४ तास उघडं ठेवलं तरी चालतं, पण क्लोरामाइन असेल तर ते असं उडून जात नाही. त्याला द्रावणच लागतं.

पहिले सहा आठवडे

दिवा रोज ६ तास. दोन महिन्यांनी, शेवाळ नसेल तर, ८ तासांपर्यंत न्यायचा. आठ तास सलग देण्यापेक्षा ४ तास प्रकाश, ४ तास अंधार, पुन्हा ४ तास प्रकाश अशी विभागणी मातीच्या टाकीत चांगली चालते: मधल्या वेळेत तळातून येणारा कार्बन डायऑक्साइड पाण्यात पुन्हा साठतो.

या काळात डोळ्यांना न दिसणारं सगळ्यात मोठं काम स्पंजमध्ये चाललेलं असतं. जिवाणूंचा एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. पहिले दोन पदार्थ विषारी. तिसरा थोड्या प्रमाणात निरुपद्रवी आणि झाडांचं अन्नही. या जिवाणूंची वसाहत पुरती बसायला साधारण ३ ते ६ आठवडे लागतात. मातीच्या टाकीत अमोनिया मातीतूनच येतो, वेगळा घालावा लागत नाही. नुसत्या खडीच्या टाकीत मात्र जिवाणूंना खाऊ द्यावा लागतो: १० टक्क्यांच्या, सुगंध किंवा साबण नसलेल्या अमोनियाचं १ मिलिलिटर ५० लिटरमध्ये टाकलं की प्रमाण लिटरमागे सुमारे २ मिलिग्रॅम होतं. बाटली हलवल्यावर टिकणारा फेस आला तर त्यात साबण आहे. तो वापरू नका.

अमोनिया आणि नायट्राइट दर तीन दिवसांनी मोजून वहीत लिहा. मातीच्या टाकीत पहिले तीन-चार आठवडे आठवड्यातून दोनदा ३० ते ४० टक्के पाणी बदला. पाणी बदलल्याने जिवाणू कमी होतील ही भीती नको. ते पाण्यात नाही, स्पंजवर आणि खडीवर राहतात.

या आठवड्यांत दिसणाऱ्या काही गोष्टींनी नवखा माणूस घाबरतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाणी दुधाळ होतं. तो मोकळ्या जिवाणूंचा उद्रेक असतो आणि आपोआप बसतो; फिल्टर धुऊ नका, टाकी रिकामी करू नका. दुसऱ्या आठवड्यात क्रिप्टोकोरीनची पानं काचेसारखी पारदर्शक होऊन विरघळतात. झाड मेलेलं नसतं. जागा किंवा पाणी बदललं की ते जुनी पानं टाकतं आणि मुळांतून दोन ते चार आठवड्यांत नवी काढतं. सडकी पानं उचला, मूळ हलवू नका. हलवलं की सगळं पहिल्यापासून. काही झाडं रोपवाटिकेत पाण्याबाहेर वाढवलेली असतात, त्यांची जुनी पानंही अशीच गळतात आणि पाण्याखालची नवी पानं वेगळ्या आकाराची येतात. तिसऱ्या आठवड्यापासून काचेवर तपकिरी धूळ बसते, ते डायटम नावाचं सूक्ष्म शेवाळ. स्पंजने पुसा, महिना-दीड महिन्यात ते ओसरतं.

मासे

अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही सलग आठवडाभर शून्य दिसले की एक चाचणी करा. त्याच अमोनियाचं अर्धा मिलिलिटर टाका, म्हणजे लिटरमागे १ मिलिग्रॅम, आणि २४ तासांनी मोजा. दोन्ही पुन्हा शून्य असतील तर टाकी तयार आहे. नसतील तर आणखी एक आठवडा थांबा. इथे घाई करण्यासारखं काहीच नाही. सामू (पीएच) ८ असताना पाण्यातल्या अमोनियाचा विषारी भाग सामू ७ च्या तुलनेत जवळजवळ दहापट असतो, त्यामुळे सामू जास्त असलेल्या पाण्यात ‘थोडासा अमोनिया चालेल’ असं म्हणताच येत नाही.

या आकाराच्या टाकीत ८ हार्लेक्विन रासबोरा, किंवा १० एम्बर टेट्रा, किंवा ६ नर गप्पी. यांपैकी एकच गट, आणि जोडीला १० चेरी झिंगे. गप्पीच्या माद्या घेतल्या तर काही महिन्यांत टाकी भरून वाहते. गोल्डफिश अजिबात नको. तो या टाकीत मावणार नाही एवढा वाढतो, घाण खूप करतो आणि कोवळी झाडं खाऊन टाकतो.

मासे एकदम नाही, निम्मे आधी, उरलेले दोन आठवड्यांनी. पिशवी १५–२० मिनिटं टाकीत तरंगत ठेवा, मग दर पाच मिनिटांनी कपभर टाकीचं पाणी पिशवीत घाला, पाऊण तासाने जाळीने मासे उचलून सोडा. पिशवीतलं पाणी टाकीत ओतायचं नाही. खाणं दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल तेवढंच, आणि आठवड्यातून एक दिवस उपास.

शेवाळ आलं तर

सगळ्यात आधी दिव्याचा वेळ दोन तासांनी कमी करा आणि आणखी भरभर वाढणारी झाडं घाला. नव्वद टक्के उपाय यातच आहे. धाग्यासारखं हिरवं शेवाळ जुन्या टूथब्रशवर गुंडाळून ओढून काढा. पाणीच हिरवं झालं तर टाकी चार दिवस कापडाने पूर्ण झाका, मग अर्धं पाणी बदला. निळसर-हिरवा, चादरीसारखा उचलून येणारा, वास मारणारा थर म्हणजे सायनोबॅक्टेरिया. तो सायफनने ओढून काढायचा, तिथला प्रवाह वाढवायचा आणि नायट्रेट मोजायचं. बरेचदा ते शून्य असतं. अनुबियासच्या कडांवर काळी दाढीसारखी झुपकी आली तर ती पानं कापून टाका, किंवा फिल्टर बंद करून ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड सिरिंजने थेट झुपक्यांवर सोडा, एका वेळी १० मिलिलिटरच्या आत. पंधरा मिनिटांनी फिल्टर चालू. ‘द्रवरूप कार्बन’ म्हणून मिळणाऱ्या बाटल्यांत बहुधा ग्लुटराल्डिहाइड असतं. त्याने शेवाळ मरतं, पण व्हॅलिसनेरिया आणि हॉर्नवर्टही विरघळतात. आपल्या टाकीत ही दोन्ही आहेत, तेव्हा ती बाटली नको.

दर आठवड्याला

२० ते २५ टक्के पाणी बदला. नव्या पाण्याचं तापमान टाकीच्या पाण्याच्या आसपास हवं. नायट्रेट लिटरमागे ४० मिलिग्रॅमच्या खाली राहिलं पाहिजे. हीटर असेल तर पाणी काढण्याआधी १५ मिनिटं तो बंद करा. गरम काच उघडी पडली तर तडकते. स्पंज महिन्यातून एकदा, काढलेल्या पाण्याच्या बादलीतच पिळा. नळाखाली धुतला तर क्लोरिनने जिवाणूंची वसाहत मरू शकते आणि अमोनिया परत दिसू लागतो.

मातीच्या टाकीला पहिले दोन-तीन महिने खत लागत नाही. नंतर सर्वसमावेशक द्रवरूप खत, बाटलीवरच्या निम्म्या प्रमाणात, आठवड्यातून एकदा. झाडं काय हवं ते सांगतात: जुनी पानं सरसकट पिवळी पडली तर नायट्रोजन कमी, जुन्या पानांवर टाचणीएवढी भोकं पडली तर पोटॅशियम, नवी पानं फिकट आणि शिरा हिरव्या असतील तर लोह. खडीच्या टाकीत क्रिप्टोकोरीनच्या मुळाशी दर तीन महिन्यांनी खताची एक गोळी खुपसा.

काड्या पाण्याच्या वर आल्या की निम्म्यावर कापा आणि वरचे शेंडे पुन्हा खोचा. खालच्या खोडाला दोन फांद्या फुटतात. तरंगती झाडं निम्म्याहून जास्त पृष्ठभाग झाकू लागली की मूठभर काढून टाका. काढलेली झाडं वाळवून कुंडीत किंवा कचऱ्यात टाका. ती, किंवा नको असलेले मासे-झिंगे, नदी, ओढा, तळ्यात कधीही सोडू नका. साल्विनियासारखी झाडं उघड्या पाण्यावर पसरून खालचा प्रकाश आणि ऑक्सिजन तोडतात.

आठ-दहा दिवस बाहेर जायचं असेल तर निघण्याच्या आदल्या दिवशी पाणी बदला आणि दिव्याचा टायमर ५ तासांवर आणा. धडधाकट मोठे मासे तेवढे दिवस खाण्याशिवाय राहतात. शेजाऱ्यांना खाणं टाकायला सांगायचंच असेल तर एकेका दिवसाची चिमूट वेगळ्या पुड्यांत बांधून द्या आणि डबा कपाटात ठेवा.